हिरवं पोलाद घेणार कोण?

मी बंगळुरूत राहतो. घरासमोर मेट्रोचे खांब उभे राहतायत. त्यातल्या सळया बघून मनात येतं, या पोलादासाठी हवेत किती धूर गेला असेल?

भारतात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे २.५ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. कारण कोळसा इथे नुसतं इंधन नाही. लोहखनिजातला ऑक्सिजनही तोच काढून घेतो. बळ्ळारीजवळ तोरणगल्लूच्या झोतभट्ट्यांत हेच चालतं. जालन्यात बऱ्याच भट्ट्या विजेवर भंगार वितळवतात, तिथे हे काम आधीच झालेलं असतं. पण देशात भंगार पुरेसं नाही, आणि वीजही बहुतेक कोळशाचीच.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने व्याख्या ठरवली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन, तर पोलाद हिरवं, १.६ च्या आत, तर पाच तारे.

पण तारे मिळवायला खर्च येतो. तो भरणार कोण? युरोप २०२६ पासून आयात पोलादाच्या कार्बनवर शुल्क आकारतोय. आपल्याकडे मेट्रो, पूल, रेल्वे बांधणारं मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. मला वाटतं, निविदेत तारे मागितले, तरच भट्ट्या बदलतील.