युद्धकैदी कोणी ठरवावयाचा?

रणभूमीवर सैन्याच्या हाती सापडलेला माणूस नेमका कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो शत्रुपक्षाचा सैनिक असेल, तर तो युद्धकैदी होय. त्याला शिक्षा करावयाची नसते, युद्ध संपेपर्यंत केवळ अडकवून ठेवावयाचे असते. तो निव्वळ वाटसरू असेल, तर त्याला घरी धाडावयास हवे. आणि त्याने युद्धाचे नियम मोडले असतील, तर त्याच्यावर रीतसर खटला भरावयास हवा. म्हणूनच १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराच्या पाचव्या कलमाने असा दंडक घातला की, कैद्याच्या दर्जाविषयी संशय उत्पन्न झाल्यास सक्षम न्यायमंडळाचा निर्णय होईपर्यंत त्याला युद्धकैद्याचेच संरक्षण मिळावे.

हा दंडक अव्यवहार्य आहे असे म्हणता येणार नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्यानेच सुमारे बाराशे कैद्यांची अशी चौकशी केली आणि त्यांपैकी बहुसंख्य माणसे विस्थापित नागरिक असल्याचे आढळून आले. मात्र अफगाणिस्तानच्या युद्धात हीच पद्धत बाजूस सारण्यात आली. यातील कोणीही युद्धकैदी नव्हे, असा सरसकट निर्णय राष्ट्राध्यक्ष बुश यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये दिला. बक्षिसाच्या लोभाने इतरांनी पकडून दिलेली माणसेही त्या कैद्यांत होती. साहजिकच संशयाला सर्वाधिक जागा होती तेथेच चौकशी झाली नाही.

अखेर जून २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हमदी खटल्यात असा निर्णय दिला की, अटकेत ठेवलेल्या नागरिकाला अटकेचे कारण कळले पाहिजे आणि तटस्थ निर्णायकापुढे त्याचे खंडन करण्याची संधी मिळाली पाहिजे. त्याच दिवशी ग्वांतानामोतील परदेशी कैद्यांनाही न्यायालयाचे दार खुले झाले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांत संरक्षण खात्याने तीन लष्करी अधिकाऱ्यांची चौकशी मंडळे स्थापन केली. परंतु या मंडळांपुढे कैद्याला वकील नव्हता. गुप्त पुरावा त्याला दाखविला जात नव्हता. आणि सरकारी पुरावा खरा व अचूक आहे असे मंडळाने गृहीत धरावयाचे होते. ५५८ कैद्यांपैकी केवळ ३८ जण शत्रुपक्षाचे नसल्याचा निर्वाळा मिळाला. या मंडळांच्या कामात भाग घेतलेले लेफ्टनंट कर्नल स्टीफन अब्राहम यांनी २००७ मध्ये प्रतिज्ञापत्राद्वारे सांगितले की, पुरावा मोघम व अपुरा असे आणि कैद्याच्या बाजूने निर्णय दिला तर वरिष्ठ त्याचा जाब विचारीत. ज्याने पकडले त्यानेच तपासावयाचे आणि त्यानेच निवाडा द्यावयाचा, असा हा प्रकार होता.

यावर असे म्हटले जाईल की, गोळीबार चालू असता सैनिकाने पुरावे गोळा करीत बसावे काय? आक्षेप खोटा नाही. सुटलेल्यांपैकी काही जण पुन्हा लढण्यास गेले, हेही खरे. परंतु पाचवे कलम सैनिकाकडून पंचनाम्याची अपेक्षा करीत नाही. ते मागते ती पकडल्यानंतर लवकर व्हावयाची साधी चौकशी. पहिल्या आठवड्यात ती पुरेशी ठरते. अटक सहा-सात वर्षे लांबल्यावर मात्र तिचे समर्थन करण्याची सरकारची जबाबदारीही त्याच मानाने वाढली पाहिजे.

लखदर बुमेदियन या कैद्याची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. तो रणांगणावर नव्हे, बोस्नियात पकडला गेला. तेथील न्यायालयाने पुराव्याअभावी त्याच्या सुटकेचा आदेश दिला असताही जानेवारी २००२ मध्ये त्याला अमेरिकेच्या स्वाधीन करण्यात आले. लष्करी मंडळाने त्याला शत्रू ठरविले. जून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, ती मंडळे म्हणजे हेबिअस कॉर्पसचा पर्याय नव्हे. पुढे पाच महिन्यांतच न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी पुरावा तपासला. बुमेदियनवरील आरोप एकाच निनावी खबऱ्याच्या सांगण्यावर उभा होता. सहा सोबत्यांपैकी पाच जणांना सोडण्याचा आदेश झाला. हा निर्णय जे न्यायालय नोव्हेंबर २००८ मध्ये देऊ शकले, ते २००२ मध्येही देऊ शकले असते.

हा प्रश्न परदेशचा म्हणून आपण निश्चिंत राहू नये. १९७६ मध्ये, आणीबाणीत, स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी म्हटले होते. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे ते एकटे मत बरोबर होते, हे मान्य व्हावयास २०१७ साल उजाडावे लागले. संकटकाळी न्यायालयाने डोळे मिटले, तर ते उघडावयास पिढी जाते. माणूस शत्रू असेलही. पण तो शत्रू आहे हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती तुरुंगाची किल्ली आहे केवळ त्याच्याकडे असता कामा नये.