जुनं चेनसॉ मशीन घेताना

फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या कोकणात गावागावांतून लाकूड कापायच्या मशीनचा आवाज येऊ लागतो. कुणी त्याला चेनसॉ म्हणतं, कुणी कटर, कुणी नुसतंच मशीन. पावसाळ्याची बेगमी याच दिवसांत करायची असते. लाकडं कापायची, फोडायची, उन्हात वाळवायची आणि मिरगाच्या आत पडवीत रचून ठेवायची. घरात गॅस आला तरी न्हाणीतलं पाणी आणि लग्नकार्याचा मोठा स्वयंपाक लाकडावरच होतो.

घरातली पुरुष मंडळी मुंबईला नाहीतर गोव्याला, आणि कटरवाल्याला ऐन हंगामात सवड नसते. मग एखादं घर किंवा बचत गट विचार करतो, की जुनं मशीन विकत घ्यावं का? घ्यायला हरकत नाही, पण पारखून घ्यावं. ती पारख कशी करायची, ते आज बघू.

पहिला प्रश्न, केवढं मशीन घ्यायचं? बाजारात 58 सीसीची, 22 इंची बारची मशीन स्वस्तात मिळतात आणि मोठं ते चांगलं असं वाटतं. घरच्या सरपणाला एवढ्या मोठ्या मशीनची गरज नाही. 35 ते 45 सीसीचं इंजिन आणि 14 ते 16 इंची बार पुरतो. बार म्हणजे जिच्यावरून साखळी फिरते ती लांब पट्टी. ओंडका जाड असला तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. लहान मशीन हलकं असतं, आणि हात दमला की अपघात होतो हे आपल्याला कोयत्यावरून ठाऊक आहेच. मशीन अशा कंपनीचं बघा, जिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात.

बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोन करून सांगा, "दादा, मी येईपर्यंत मशीन चालू करू नका." गेल्यावर सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा. गरम लागलं तर समजा, थंड मशीन लवकर चालू होत नसावं, म्हणून आधीच तापवून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

आता मशीन बंद ठेवूनच स्टार्टरची दोरी सावकाश ओढा. मध्ये मध्ये हाताला चांगला जोर लागला पाहिजे. रिळावरचा दोरा सुटावा तशी दोरी सहज आली तर इंजिनात दम उरलेला नाही. मग विकणाऱ्याला सायलेन्सर काढून दाखवायला सांगा. दोन-तीन स्क्रूंचं काम असतं. आतल्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन दिसतो. तो गुळगुळीत हवा. त्यावर उभे खोल ओरखडे असतील तर ते मशीन घेऊ नका.

हे ओरखडे का पडतात? या इंजिनाला मोटरसायकलसारखं वेगळं इंजिन ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळतात, तेच पिस्टनला वंगण देतं. कुणी घाईत नुसतं पेट्रोल ओतलं की पिस्टन घासून खराब होतो. तो आणि सिलिंडर बदलायचा खर्च जुन्या मशीनच्या किमतीला भिडतो.

दुसरं दुखणं पावसाळ्याचं. चार महिने टाकीत पेट्रोल तसंच ठेवून मशीन कोपऱ्यात पडलेलं असतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. त्यानं कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा कडक होतो, पेट्रोलची नळी चिरते. हे दुरुस्त होण्यासारखं आहे. म्हणून दोन याद्या मनात ठेवा. प्लग, एअर फिल्टर, दोरी, नळी, कार्बोरेटरचा पडदा, साखळी ही छोटी दुखणी. त्यांचा खर्च किमतीतून कमी करून घ्या. पिस्टन, सिलिंडर, आतलं बेअरिंग आणि तडकलेली बॉडी ही मोठी दुखणी. तिथे घासाघीस न करता सरळ परत फिरा.

आता मशीन चालू करून बघायचं. ते विकणाऱ्यालाच करू द्या आणि आपण चांगलं लांब उभं राहा. चोक ओढून चार-सहा झटक्यांत थंड इंजिन चालू व्हायला हवं. रेस सोडली की इंजिन सावकाश चालत राहिलं पाहिजे आणि साखळी अगदी स्थिर राहिली पाहिजे. रेस न देताही साखळी फिरत असेल तर सेटिंग बिघडलंय किंवा क्लच खराब आहे. मग बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर थोडं अंतर राखून धरायला सांगा आणि रेस द्यायला सांगा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली म्हणजे साखळीला तेल पोचतंय. तेल न मिळालेला बार पाहता पाहता खराब होतो.

यानंतर एक ओंडका कापायला लावा. खाली भुसा पडतो तो बघा. जाडसर कीस पडला तर साखळीला धार आहे, पिठासारखी पूड पडली तर दात बोथट आहेत. धार गोल कानशीनं लावता येते, त्याची काळजी नको. पण काप सरळ न जाता एका बाजूला वळत असेल तर बारच्या कडा झिजल्या आहेत का किंवा दात लहानमोठे झालेत का, ते तपासा. दहा मिनिटं चालल्यावर मशीन बंद करून लगेच पुन्हा चालू करायला सांगा. थंड असताना चालू होणारं आणि तापल्यावर रुसणारं मशीन ऐन कामात दगा देतं.

इथवर बहुतेकजण बघतात आणि पैसे मोजतात. खरी परीक्षा पुढे आहे, ती मशीन थांबतं का याची. बारच्या टोकाचा वरचा भाग चुकून दुसऱ्या लाकडाला लागला तर मशीन उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे घडतं. पुढच्या दांड्याच्या समोर जो आडवा पंजा असतो, तो याचसाठी. तो पुढे ढकलला गेला की ब्रेक लागून साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. विकणाऱ्याला हे करून दाखवायला लावा. पंजा तुटलेला, तारेनं बांधलेला किंवा काढून टाकलेला असेल, तर मशीन फुकट मिळालं तरी नको. बंद करायचं बटणही दाबून बघा.

कागदाचंही बघून घ्या. मूळ बिल मागा आणि त्यावरचा नंबर मशीनवरच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर विकणाऱ्याकडून नाव, तारीख, रक्कम आणि नंबर लिहून सही घ्या. चोरीचा माल गटाच्या गळ्यात पडायला नको. आणि हे लक्षात ठेवा, मशीन आपलं म्हणून झाड तोडायची मुभा मिळत नाही. महाराष्ट्रात वृक्षतोडीचा 1964 चा कायदा आहे. साग, खैर, आंबा, फणस अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते.

शेवटी हिशोब. हातात असलेले सगळे पैसे मशीनवर घालू नका. नवी साखळी, कानस, डोळ्यांचा चष्मा, कानांचे बोळे, हेल्मेट आणि जाड बूट यांना पैसे बाजूला काढा. साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी मशीनजवळ अजिबात नको. कापणारीनं अंगाबरोबरची पँट-शर्ट घालावी, आणि कुणा जाणत्याकडून आधी नीट शिकून घ्यावं. गटाचं मशीन असेल तर चालवणाऱ्या दोघीच ठरवा, पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत बघून डब्यावरच लिहून ठेवा, आणि पाऊस लागायच्या आत टाकी रिकामी करा. एवढं सांभाळलंत तर जुनं मशीनही बरीच वर्षं साथ देईल.