झाडावरचा स्टॉक

वेबसाइट करून घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याची वेबसाइट दाखवतो आणि म्हणतो, ‘अशीच करा.’ देवगडचे एक आंबा बागायतदार पुण्यात आमच्याकडे आले, तेव्हाही त्यांनी मोबाइलवर एका मोठ्या दुकानाचं ॲप उघडून ‘कार्टमध्ये टाका’चं बटण दाखवलं.

‘काका, स्टॉक किती धरायचा?’ आमच्या डेव्हलपर मुलीने विचारलं.

‘अगं, तो झाडावर आहे. आत्ता कसा सांगू?’

या एका उत्तराने अख्खा आराखडा बदलला. तयार सॉफ्टवेअर धरून चालतं की माल गोदामात आहे आणि त्याचा आकडा ठरलेला आहे. हापूस मात्र तयार होईल तसा उतरतो: आधी मोजका, एप्रिल-मेमध्ये भराभर, आणि अवकाळी पाऊस आला की सगळा अंदाज कोलमडतो. म्हणून ‘खरेदी’च्या जागी ‘नोंदणी’ आली. गिऱ्हाइकाने आठवडा निवडायचा, पेटी किती डझनाची ते सांगायचं. त्या आठवड्यात किती नोंदण्या घ्यायच्या, हा आकडा काकांच्या हातात. फळ कच्चं भरतात, ते पेंढ्यात गिऱ्हाइकाच्या घरी पिकतं. ‘आंबे हिरवेच आले’ असे फोन काकांना दर हंगामात येतात, म्हणून ती सूचना पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर ठेवली. हे सगळं कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीचं काम. एजन्सीच्या कामातला सगळ्यांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. कोटेशनमध्ये डिझाइन, डेव्हलपमेंट, १८ टक्के जीएसटी असं सगळं असतं. या विचारपुशीला ओळ नसते. ती असायला हवी.

पुढे काम अडतं ते मजकुरावर. फोटो व्हॉट्सॲपवर येताना दाबले जातात; ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं. जुनं माहितीपत्रक श्रीलिपीत टाइप केलेलं होतं. त्या फॉन्टात अक्षरं दिसतात मराठी, पण आतले संकेत वेगळे. वेबसाइटवर चिकटवलं की अगम्य चिन्हं उमटतात. ते युनिकोडमध्ये आणून ओळीन् ओळ तपासावी लागली. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं बोधचिन्ह काकांना पहिल्याच पानावर हवं होतं. त्यासाठी बागायतदाराची स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. प्रमाणपत्र हाती आल्यावरच आम्ही ते लावलं.

पेमेंट गेटवे सुरू करायला परताव्याचं धोरण साइटवर असावं लागतं. आंबा खराब निघाला तर काका आजवर फोनवर बोलून, माणूस बघून मिटवत आले होते. आता सगळ्यांना लागू पडेल असा नियम लिहायचा होता. किती तासांत फोटो पाठवायचा, पेटी बदलून द्यायची की पैसे, यावर घरात दोन दिवस बोलणं झालं, आणि मगच ते पान लिहिलं गेलं.

डोमेन आम्ही काकांच्याच नावावर, त्यांच्याच ईमेलवर घ्यायला लावलं. आपल्याच दुकानाचं नाव परत मिळावं म्हणून आधीच्या वेबसाइटवाल्याच्या विनवण्या करणारे लोक मी पाहिले आहेत. सगळे पासवर्ड काकांच्या सुनेकडे दिले. आता पावसाचा अंदाज आला की ती स्वतःच त्या आठवड्याची नोंदणी बंद करते. आम्हाला फोन करावा लागत नाही.