खुसखुशीतपणाचं इंजिनिअरिंग

चहाबरोबरची खारी, दिवाळीतले चिरोटे आणि साट्याच्या करंज्या, बेकरीतलं पॅटिस! या सगळ्यांत कॉमन काय? खुसखुशीतपणा. तो नुसता 'हाताच्या चवीनं' येत नाही बरं का, त्यामागे चक्क सायन्स आहे.

हल्ली दिवाळी फराळाच्या ऑर्डर्स घेणाऱ्या काही काकू-मावशी स्टँड मिक्सर घेतात. (चटणी वाटायचा मिक्सर नव्हे! यात भांडं स्थिर असतं आणि वरून बीटर फिरतो.) एवढे पैसे घालून पहिल्याच घाण्याच्या करंज्या चिवट झाल्या, की मशीनच्या नावानं खडे फोडले जातात. पण मशीन बिचारं सांगितलं तेवढंच करतं!

मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रोटिन्स असतात. पाणी घालून मळलं की त्यांची ग्लुटेन नावाची लवचिक जाळी तयार होते. पावाला ती हवीच, कारण तीच गॅस धरून ठेवते. पण करंजीत ती जास्त झाली की पारी लाटताना आक्रसते आणि तळल्यावर चिवट लागते. म्हणून तर आपण आधी मोहन घालतो. तूप मैद्याच्या कणांवर बसतं, पाणी सहज आत शिरत नाही आणि जाळी तुटक राहते.

आता मशीनकडे वळू. अमेरिकेतल्या होबार्ट कंपनीच्या हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनिअरने असा मिक्सर आधी बेकऱ्यांसाठी बनवला. घरगुती मॉडेल १९१९ मध्ये 'किचनएड' नावाने आलं. त्याच्या डोक्यात आपल्या 'थिअरी ऑफ मशिन्स'मधली एपिसायक्लिक गिअर ट्रेन आहे! समजा, स्थिर रिंगला ६० दाते आणि बीटरच्या पिनियनला १५. मग आर्म भांड्याभोवती १ फेरा मारेपर्यंत बीटर उलट्या दिशेनं ३ फेरे मारतो. म्हणून भांड्याचा जवळजवळ एकही कोपरा सुटत नाही.

पण फिरवलं की घर्षण आलं, आणि घर्षण म्हणजे उष्णता. समजा, अर्धा किलो पिठात ५० वॅट पॉवर २ मिनिटं गेली, तर झाले ६००० जूल. पिठाचा विशिष्ट उष्मा २.५ धरला, तर तापमान जवळपास ५ अंशांनी वाढतं. लोणी वितळतं साधारण ३२ ते ३५ अंशांना, आणि मे महिन्यात कोल्हापूरची हवाच तेवढी तापते! लोणी आधीच वितळलं तर पदर सुटणार कुठून? ओव्हनमध्ये लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिचं आकारमान सुमारे १६०० पट वाढतं आणि तीच पदर उचलते.

मग करायचं कसं? पाव किलो मैदा, चिमूटभर मीठ आणि फ्रीजमधल्या १२५ ग्रॅम लोण्याचे तुकडे घ्या. पावाचा हूक नको, चपटा पॅडल लावा. सर्वांत कमी स्पीडवर लोण्याचे तुकडे वाटाण्याएवढे होईपर्यंत फिरवा. मग ४-५ चमचे बर्फाचं पाणी हळूहळू घाला. पीठ गोळा होऊ लागलं की लगेच बंद! अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे ग्लुटेन सैलावतं आणि लोणी पुन्हा घट्ट होतं. या पिठाच्या बेक केलेल्या करंज्या मस्त होतात.

साट्याचं गणित मात्र उलटं. घट्ट तूप आणि तांदळाचं पीठ फेसून पांढरं, हलकं करायचं असतं. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं, त्यामुळे जास्त फेसल्यानं काही चिवट होत नाही. फक्त तूप पातळ होऊ देऊ नका. हात भरून येणारं हे काम मशीनवर खुशाल सोपवा. पोळ्यांना साटा लावून गुंडाळी करणं, लाट्या कापणं, मंद आचेवर तळणं हे मात्र हातानंच!

थोडक्यात काय, मैद्यात पाणी पडेपर्यंत घाई नाही. पाणी पडलं की हात स्विचवर ठेवा. कधी थांबायचं एवढं जमलं, की फराळ एकदम नाद खुळा!