सुंदरबनातील मुक्काम : ‘पर्यावरणस्नेही’ कशाला म्हणावे?

वाघाच्या ओढीने पश्चिम बंगालमधील सुंदरबनात जाणाऱ्या पर्यटकांना ‘पर्यावरणस्नेही’ हे बिरुद मिरवणारी अनेक रिसॉर्ट खुणावतात. या बिरुदाची कसोटी लागते ती गोड्या पाण्याच्या वापरात आणि गावकऱ्यांच्या रोजगारात.

१९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आणि १९८७ मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झालेल्या या खारफुटीच्या जंगलात वाघांसह खाऱ्या पाण्यातील मगरी, चितळ आणि खंड्या पक्ष्याच्या अनेक जाती आढळतात. बहुतेक रिसॉर्ट जंगलासमोरील पाखिरालय, दयापूर यांसारख्या गावांत आहेत. वनखात्याच्या परवान्याने, वाटाड्यासह बोटीतूनच जंगल पाहावे लागते.

येथे चहूकडे पाणी आहे, पण ते खारे. पिण्याचे पाणी खोल कूपनलिकांतून उपसावे लागते. शेतीची भिस्त प्रामुख्याने पावसावर आणि तळ्यांवर. २००९ च्या ‘आयला’ चक्रीवादळात बांध फुटून खारे पाणी शेतांत शिरले आणि पिके घेणे दुरापास्त झाले. शेतीने पाठ फिरवली, की माणसे मासे, खेकडे आणि मधासाठी जंगलाची वाट धरतात. त्यांतील काही वाघाच्या हल्ल्याला बळी पडतात.

म्हणूनच स्थानिकांना काम देणारे, गावातीलच भाजी-मासळी घेणारे, पावसाचे पाणी साठवणारे आणि सांडपाणी नदीत न सोडणारे रिसॉर्ट निवडावे. आरक्षणापूर्वी याची चौकशी अवश्य करावी. वाघाच्या दर्शनाची हमी येथे कोणीच देऊ शकत नाही. आपल्या मुक्कामाचा पैसा गावात राहील, एवढी काळजी मात्र पर्यटकाला घेता येते.