घरच्या संगणकाचे दप्तर

2023 सालच्या सप्टेंबरात, अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा एखाद्या जीर्ण पानावर पिढ्यांचा हक्क कसा अवलंबून असतो, याची प्रचीती जालना जिल्ह्याला आली. आज खरेदीखते, वारसाचे दाखले आणि गुणपत्रके स्कॅन होऊन घरच्या संगणकात येतात, लग्नाच्या चित्रफितींच्या गर्दीत मिसळतात, आणि बॅकअपची हार्ड डिस्क भरली की मोठी डिस्क विकत आणणे हाच काय तो इलाज, अशी समजूत होऊन बसते.

वास्तविक जागा अडवतो कोण, हे आधी पाहावे. 300 डीपीआयने रंगीत स्कॅन केलेले ए-फोर पान जेपेग स्वरूपात साधारणतः एक-दोन मेगाबाइटांत मावते. उलट मोबाइलवर टिपलेल्या फोर-के चित्रफितीचे एकच मिनिट दीडशे मेगाबाइटांच्या पुढे सहज जाते. म्हणजे घराण्याचे शंभरएक कागद आणि वरातीतील मिनिटभराचा नाच यांचा भार जवळजवळ सारखाच!

म्हणून महसुली अभिलेख कक्षाचा शिरस्ता घरीही लागू करावा. तेथे ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे आणि ‘ड’ अवघे 1 वर्ष जपतात. कागद दाखल होतानाच त्याची मुदत ठरते. संगणकाला हे सांगावे लागते. विंडोजमधील ‘फाइल हिस्ट्री’ बदललेल्या फाइलीची नवी आवृत्ती एरवी दर तासाला साठवते आणि, मुदत बांधून दिली नाही, तर जुन्या साऱ्या आवृत्त्याही कायम राखते; ती मुदत एका महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत ठरवता येते, किंवा जागा अपुरी पडताच जुने काढून टाकण्याची मुभाही देता येते. मात्र या यंत्रणेला फाइलीचे वय कळते, मोल कळत नाही. यास्तव ‘अ’ वर्गाचे फोल्डर निराळे काढून त्याच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. गूगलची मोफत 15 गिगाबाइट जागा, मेल आणि छायाचित्रे यांच्याशी वाटून घ्यावी लागत असली, तरी त्या बाहेरच्या प्रतीस सहसा पुरते.

‘ड’ वर्गाची मुदत भरताच त्याची बेलाशक वासलात लावावी. परंतु डिस्क झाडण्यापूर्वी राखलेल्या प्रतीतील एखादे खरेदीखत प्रत्यक्ष उघडून, त्यावरील शिक्का आणि गट नंबर वाचता येतो की नाही, याची खातरजमा अवश्य करावी.