दुखावलेल्या मेंदूची कैफियत
(लेखांक सहावा)

डोक्यास मार लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांचा विचार गेल्या लेखांकात केला. आज त्यापुढील, महिनोन्महिने चालणाऱ्या आणि म्हणूनच घरच्यांची कसोटी पाहणाऱ्या अवस्थेकडे वळावयाचे आहे. पाय मोडलेला मनुष्य आपल्या पायाची हकिकत बिनचूक सांगतो. परंतु मेंदू दुखावलेल्याची स्मृती, अवधान आणि स्वतःच्या उणिवेची जाणीव ही त्याच आघातात सापडलेली असल्यामुळे, ‘मला काही झालेले नाही’ असे तो छातीठोकपणे सांगतो, आणि डॉक्टर त्याच्याच शब्दावर विसंबले तर उपचाराची दिशा चुकते. त्याची कैफियत दुसऱ्या कोणी तरी मांडावी लागते.

ही कैफियत मांडणे किती अवघड असते, ते हेमलकशाच्या इतिहासावरून ध्यानी येते. 23 डिसेंबर 1973 रोजी, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील भामरागडच्या अरण्यातील याच हेमलकशात, समाजसेवक बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रोगी तपासण्यास आरंभ केला, तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, आणि पावसाळ्यात नदीनाले फुगले की बाहेरच्या जगाशी संबंधच तुटे; परंतु याहून बिकट अडचण अशी की तेथील माडिया आदिवासींना मराठी येत नव्हती आणि डॉक्टरांना माडिया भाषा. झाडावरून पडलेला, अस्वलाने फाडलेला, अथवा हिवताप मेंदूत गेल्याने बेशुद्ध झालेला रोगी खाटेवर घालून रानावनातून आणावा, आणि आणणाऱ्यास काय घडले हेच सांगता येऊ नये! आमटे दांपत्याने ती भाषा शिकून घेतली. रोग्याची भाषा शिकणे हाही वैद्यकीय शिक्षणाचा भाग आहे, असे माझे मत आहे.

भाषेची हीच अडचण रोग्याची शुद्धी मोजतानाही येते. ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या शल्यवैद्यांनी 1974 मध्ये शुद्धी मोजण्याचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, तेच पुढे सुधारलेल्या रूपात आज सर्वत्र वापरतात. त्यात आता कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 15 गुण असून डोळे उघडण्यास 4, बोलण्यास 5 आणि हालचालीस 6 गुण आहेत. बोलण्याचे गुण देताना रोग्याला त्याचे नाव, स्थळ आणि काळ विचारतात. आता गोरगा या माडाचा रस काढताना झाडावरून पडलेल्या माडिया तरुणास कोणी मराठीत ‘आज कोणता महिना?’ असे विचारले आणि तो गप्प राहिला, तर गुण कोणाचे कापावयाचे? ‘साहेब, त्याला मराठी कळत नाही, मी विचारतो’ असे शेजारी उभ्या असलेल्या भावाने न भिता सांगितले, तर त्या एका वाक्याने निदान सुधारू शकते.

घरातील एकानेच ही जबाबदारी पत्करावी आणि साधी वही ठेवावी. ‘आता बरा आहे’ या मोघम दाखल्याचा उपयोग नाही. ‘मंगळवारी जेवताना डावा हात थरथरला, दोन मिनिटे बोलणे थांबले, मग तासभर झोपला’ अशी नोंद हवी. कारण फिट कोणत्या बाजूने सुरू झाली आणि किती वेळ टिकली, यावरून डॉक्टर बरेच काही ताडतात. चिडचिड, तोल जाणे, झोप उडणे, दारू पिणे हेही लिहावे. गावच्या पुजाऱ्याने मुळी दिली असल्यास तीही डॉक्टरांना सांगावी; ते रागावतील या भयाने ती लपविणे धोक्याचे, कारण दोन औषधांची गाठ पोटात पडते. फिटीच्या गोळ्या बरे वाटू लागताच स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्या एकाएकी थांबविल्याने झटके उसळतात. आणि डॉक्टरांनी जे सांगितले ते उठण्यापूर्वी आपल्या शब्दांत त्यांना परत म्हणून दाखवावे; गैरसमज असेल तर तेथेच उघड होतो.

हेमलकशासारख्या ठिकाणाहून शेकडो किलोमीटरवरील नागपुरास पाठविलेल्या रोग्याबरोबर ही वही, गोळ्यांची पाकिटे आणि डोक्याच्या फोटोंचे लखोटे न्यावेत, अन्यथा तेथे सर्व चौकशी आरंभापासून करावी लागते. वृद्ध मनुष्यास किरकोळ मार लागून दोन-तीन आठवड्यांनी तो सुस्त वा गोंधळलेला वाटू लागला, अथवा एक पाय ओढू लागला, तर कवटीच्या आत रक्त साकळत असण्याचा संभव असतो. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वाचा गेलेल्या रोग्याशी घरच्यांनी कसे बोलावे, ते पुढील लेखांकात पाहू.